शस्त्रक्रियेनंतर उरणारी पोटदुखी

यकृताच्या खालच्या बाजूस पित्ताशय नावाची एक लहानशी पिशवी असते. यकृतात तयार होणारे पित्त तीत साठविले जाते व जेवणानंतर पित्तनलिकेवाटे लहान आतड्यात उतरते. या पिशवीत खडे झाले म्हणजे पोटाच्या वरच्या भागात, विशेषतः उजव्या बाजूस, तीव्र कळा येऊ शकतात. बर्लिन येथील शस्त्रवैद्य कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली रोग्याचे सबंध पित्ताशयच काढून टाकले आणि या व्याधीवर एक खात्रीचा उपाय उपलब्ध झाला. आज ही शस्त्रक्रिया बहुधा लहान छिद्रांतून, दुर्बिणीच्या साहाय्याने केली जाते.

बहुतेक रोग्यांना तिने आराम पडतो. काहींच्या बाबतीत मात्र पित्ताशय गेले तरी कळा राहतातच. पुन्हा तपासण्या होतात, त्यांत दोष आढळत नाही, आणि ‘हे दुखणे मनाचेच असावे’ असा शेरा रोग्याच्या वाट्यास येतो. हा निष्कर्ष घाईचा होय. तपासणीत दोष न दिसणे म्हणजे वेदना नसणे नव्हे. कारणाचा शोध अजून पुरा झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हा शोध क्रमाने घ्यावा लागतो. पहिला प्रश्न असा की, मूळचे दुखणे पित्ताशयाचेच होते काय? पुष्कळांच्या पित्ताशयात खडे असूनही त्यांना कसलाच त्रास होत नाही. अशा वेळी खरे कारण जठरातील व्रण किंवा आतड्याचा विकार हे असू शकते. दुसरा प्रश्न असा की, एखादा खडा पित्तनलिकेत राहून गेला आहे काय? कळ आल्यानंतर लवकरच केलेली रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि चुंबकीय प्रतिमा यांच्या आधारे त्याचा उलगडा होतो.

तिसरे स्थान पोटाच्या भिंतीचे. तेथील स्नायूंतून त्वचेकडे जाणारा एखादा मज्जातंतू शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ दुखावला अगर अडकला, तर वेदना आतून येत असल्याचा भास होतो. जॉन कार्नेट या अमेरिकन शस्त्रवैद्यांनी १९२६ साली यासाठी एक सोपी परीक्षा सांगितली. रोग्यास उताणे निजवून दुखऱ्या जागेवर बोट दाबून धरावे व त्यास डोके आणि खांदे उचलावयास सांगावे. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर वेदना वाढली, तर तिचे मूळ बहुधा भिंतीत असते; कमी झाली, तर आत.

चौथ्या कारणाची कथा विशेष बोधप्रद आहे. पित्तनलिका आतड्यास मिळते तेथे एक वलयाकार स्नायू असतो. रुग्गेरो ओद्दी या इटालियन संशोधकाने १८८७ साली त्याचे वर्णन केले. हा स्नायू आवळला जाऊन कळा येत असाव्यात, या समजुतीने दुर्बिणीतून तो छेदण्याची पद्धत रूढ झाली. ती उपयुक्त आहे काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत २१४ रोग्यांवर एक प्रयोग करण्यात आला. त्या सर्वांचे पित्ताशय काढलेले असून तपासण्यांत ठळक दोष नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवड करून १४१ जणांचा स्नायू छेदला. ७३ जणांत दुर्बीण घातली, परंतु छेद घेतला नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे रोग्यांस ठाऊक नव्हते. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर छेद घेतलेल्यांपैकी २३ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ३७ टक्के रोग्यांस समाधानकारक आराम पडला होता. या क्रियेने स्वादुपिंडास सूज येण्याचा धोका असतो, तो वेगळाच. अशा रोग्यांस छेदाचा लाभ नाही, हे त्यावरून सिद्ध झाले.

याचा अर्थ त्यांची वेदना काल्पनिक होती असा नव्हे. दीर्घकाळ कळा सोसल्यावर मज्जातंतू, मज्जारज्जू व मेंदू अधिक संवेदनशील होतात आणि आतड्याची नेहमीची हालचालही दुखू लागते, असे आज मानले जाते. अशा वेळी ही संवेदनशीलता कमी करणारी औषधे, योग्य आहार व बेताचा व्यायाम यांचा अवलंब केला जातो.

रोग्यानेही या शोधात भाग घ्यावा. वेदना कोठे, केव्हा, कोणत्या अन्नानंतर व कोणत्या हालचालीने वाढते, याची टिपणे ठेवावीत. ताप, कावीळ किंवा न थांबणारी उलटी असल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास, दुखण्याचे मूळ तेथेच आहे यास पुरावा कोणता, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे. असे विचारणे हा अविश्वास नव्हे. योग्य उपचाराची ती पहिली पायरी होय.