जुन्या वेगवान नावेची पारख आणि पुनरुद्धार

पाण्यांत म्हैस आणि वर मोल, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. जनावर पाण्याबाहेर काढून त्याचे पाय, कास आणि दांत पाहिल्यावांचून जो किंमत ठरवितो त्याच्या वांट्याला पश्चात्ताप येतो, हा तिचा भावार्थ. अमेरिकेंत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जुन्या मोटारनावांची जी खरेदीविक्री चालते, तिला ही म्हण अक्षरशः लागू पडते. साठ वर्षांपूर्वींची एखादी निमुळती, आरशासारखी चकाकणारी नाव पाण्यावर डुलत असते आणि पाहणाऱ्याचें मन तेथेंच हरपतें. परंतु तिचा गुण काय किंवा दोष काय, दोन्ही पाण्याखालीं आणि त्या चकाकीच्या आंत दडलेले असतात.

अशा नावांत ‘डॉन्झी’ हें नांव विशेष प्रसिद्ध आहे. तिचा पूर्वेतिहास ध्यानांत घेतला म्हणजे तिची परीक्षा कोठें करावयाची हें आपोआप कळतें. पूर्वीं बहुतेक वेगवान नावांचा तळ मागील बाजूस जवळजवळ सपाट असे. शांत पाण्यावर तो उत्तम. पण लाटांवर तो फळीसारखा आपटे. रेमंड हंट या कल्पक माणसानें तळ पुढून थेट मागपर्यंत खोल पाचरीसारखा ठेवला. १९५८ सालीं न्यूपोर्ट येथें त्याची एक लहान नाव खवळलेल्या पाण्यांतून सहज धांवतांना रिचर्ड बर्ट्रॅम यानें पाहिली आणि तशीच मोठी नाव करवून घेतली. १९६० सालच्या मायामी ते नासाऊ या शर्यतींत, तुफान समुद्रांत, ही ‘मॉपी’ नांवाची नाव सुमारें आठ तासांत पोंचून पहिली आली. हंटच्याच पद्धतीची दुसरी नाव, जिम विन याच्या हातीं असलेली, तिच्यामागून आली. तिसरीला मात्र दुसरा दिवस उजाडावा लागला! पाचरीच्या तळाचें महत्त्व याहून अधिक समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं.

पुढें १९६४ सालीं डॉन अ‍ॅरोनाउ यानें मायामीजवळ डॉन्झी कारखाना काढला. जिम विन आणि वॉल्ट वॉल्टर्स यांनीं आंखलेल्या सोळा आणि अठरा फुटी नावांनीं तो नांवारूपास आला. समुद्रांतील मोठ्या शर्यतींच्या नावेचा तळ एका लहानशा नावेस दिला, हें त्यांचें वैशिष्ट्य. तळाची प्रत्येक बाजू आडव्या रेषेशीं सुमारें २४ अंशांचा कोन करते. अ‍ॅरोनाउ याचा १९८७ सालीं मायामींत गोळ्या घालून खून झाला. त्याच्या नावा मात्र अद्यापि लोकांच्या अंगणांत, गोठ्यांसारख्या छपरांखालीं, गिऱ्हाइकाची वाट पाहत पडलेल्या आढळतात.

आतां या नावेचें अंतरंग पाहावें. बाहेरचें कवच फायबरग्लासचें, म्हणजे काचेच्या तंतूंचें कापड राळेसारख्या द्रवांत भिजवून, थरावर थर देऊन केलेलें असतें. काचेला कीड लागत नाहीं आणि ती कुजतहि नाहीं. परंतु त्या कवचाला ताठपणा येण्यासाठीं आंत लांकूड घातलेलें असतें. तळाच्या लांबीला धरून ज्या तुळया बसवितात त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. नावेच्या मागील उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. इंजिन नावेच्या आंत असतें, पण पंखा फिरविणारा भाग ट्रान्समला मोठें भोंक पाडून बाहेर लटकविलेला असतो. त्यामुळें इंजिनाचा सारा रेटा या एका भिंतीवर येतो. कोठें एखादा स्क्रू सैल झाला, भोंकाची कड उघडी राहिली, कीं पाणी हळूहळू लांकडांत मुरतें. कोंकणांतील लांकडी होडी कुजली तर तें डोळ्यांना दिसतें. येथें लांकूड काचेच्या कवचांत कोंडलेलें, म्हणून भिजलेलें वाळत नाहीं आणि कुजलेलें दिसत नाहीं. वरून कीर्तन आणि आंतून तमाशा, असा हा प्रकार असतो.

म्हणून शहाणा खरेदीदार प्रथम नाव पाण्याबाहेर काढवितो आणि लहानशा हातोडीनें ट्रान्सम व तुळया ठिकठिकाणीं ठोकून पाहतो. निरोगी जागीं टणक, स्पष्ट आवाज येतो. कुजलेल्या जागीं बद्द. शंका राहिल्यास मालकाच्या परवानगीनें आंतून बारीक छिद्र पाडून भुसा पाहावा. तो कोरडा आणि फिकट असला तर ठीक; काळसर, ओला आणि कुबट वास येणारा असला तर लांकूड गेलें असें समजावें. त्यानंतर मागील बाजूस तळावर एक लांब सरळ पट्टी धरावी. वर्षानुवर्षें चुकीच्या आधारावर ठेवलेल्या नावेचा तळ दबतो. शेवटच्या कांहीं फुटांत तो आंत वळला असला तर वेगांत नावेचें पुढील टोंक खालीं दाबलें जातें, आणि तें केवळ गैरसोयीचें नव्हे, धोक्याचेंहि असतें.

इंजिनाची परीक्षा तिसरी. सर्व सिलिंडरांतील दाब मोजावेत. ते परस्परांशीं जुळते असावेत. तेल चहासारखें दुधट दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. समुद्राच्या पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनाच्या धूरनळ्या आंतून गंजतात, त्या सोडवून पाहाव्यात. ट्रान्सममधून जाणाऱ्या दांड्याभोंवतीं रबराचा घडीदार भाता असतो. तो चिरला तर बंदरांत बांधलेली नावहि रात्रींतून बुडूं शकते. शिवाय, नावेच्या मागच्या यंत्राचे सुटे भाग मिळतात कीं नाहीं याची चौकशी आधींच करावी. १९७२ नंतरच्या अमेरिकन नावांच्या अंगावर ओळखक्रमांक असतो. तो कागदपत्रांशीं ताडून पाहावा.

नाव घेतल्यावर पुनरुद्धाराचा क्रम महत्त्वाचा आहे. उतावीळ मनुष्य सर्व कुजके भाग एकदम उपटून टाकतो. मग आंतला आधार गेलेलें कवच वांकतें आणि मूळ आकार कायमचा बिघडतो. प्रथम तळाच्या आकाराबरहुकूम पाळण्यासारखा आधार करावा, नाव समपातळींत बसवावी आणि नंतर एकेक तुळई बदलावी. ट्रान्समचें बाहेरील कवच राखून आंतूनच जुनें लांकूड खरवडून काढतात आणि जहाजी प्लायवुडचे थर एपॉक्सीनें जोडून बसवितात. नवा थर जुन्यावर लांबवर निमुळता करून चढवावा लागतो. या घासकामांत काचेची धूळ उडते. तोंडावर योग्य मुखवटा असल्याशिवाय एक क्षणहि काम करूं नये. पुढें पाडावयाचें प्रत्येक छिद्र प्रथम मोठें पाडून एपॉक्सीनें भरावें आणि त्यांतून पुन्हां योग्य मापाचें पाडावें, म्हणजे पाणी लांकडापर्यंत पोंचत नाहीं.

सर्वांत मोठा मोह मोटारगाडीचे स्वस्त भाग वापरण्याचा होतो. दिसावयास ते सारखेच. पण मोटारींत सांडलेल्या पेट्रोलची वाफ उघड्यावर उडून जाते. ही वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें नावेंत ती तळच्या पोकळींत साचते आणि एक ठिणगी पुरते. म्हणूनच जहाजी स्टार्टर आणि विजेची इतर यंत्रें ठिणगी बाहेर पडणार नाहीं अशीं बनविलेलीं असतात आणि कार्बुरेटरवर ज्वाळा अडविणारी जाळी असते. इंजिन सुरू करण्यापूर्वीं पंख्यानें निदान चार मिनिटें आंतील हवा बाहेर काढावी आणि झांकण उघडून स्वतःच्या नाकानें वास घ्यावा. जुन्या पेट्रोलनळ्या हल्लींच्या मद्यार्कमिश्रित इंधनानें मऊ पडतात, तेव्हां त्या सरसकट बदलणेंच बरें.

खर्चाच्या दृष्टीनें हा व्यवहार बहुधा चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला असाच ठरतो. लावलेला पैसा विक्रींत क्वचितच परत येतो. म्हणून नफ्याच्या आशेनें कोणी यांत पडूं नये. परंतु ज्याला हाताच्या कामाची गोडी आहे, जो रंगाचा हात सर्वांत शेवटीं देण्याइतका धीर धरूं शकतो, त्याला एका बुद्धिमान पिढीची कारागिरी पुन्हां चालती केल्याचें समाधान लाभतें. रंग माणसाला फसवितो. समुद्र मात्र रंगाकडे पाहत नाहीं. आणि त्या नावेंत उद्यां बसणार असतात तीं बहुधा घरचींच मुलें.