प्रार्थनेत मन लागत नाही तेव्हा

हैदराबादेतील गनफौंड्रीच्या संत जोसेफ कॅथेड्रलमध्ये गुडघे टेकलेल्या भाविकाच्या कानी बाहेरच्या वाहनांचा कोलाहल येत असतो. परंतु त्याहून मोठा कोलाहल पुष्कळदा त्याच्या अंतःकरणात चाललेला असतो. घरभाडे, मुलांची परीक्षा, कुणाचा जिव्हारी लागलेला शब्द, सारे नेमके त्याच वेळी आठवते. असे वारंवार घडले म्हणजे 'मला प्रार्थना जमत नाही' असे म्हणून मनुष्य हळूहळू ती सोडून देतो. खरा धोका येथेच आहे.

वाचकहो, नकळत मन भरकटणे हे पाप नव्हे. ते ध्यानी आल्यावरही जाणूनबुजून त्याच विचारांत रमणे, हा मात्र दोष होय. संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७–१६२२) यांची शिकवण अशी की, भटकलेल्या मनावर न रागावता त्याला हळुवारपणे प्रभूपाशी परत आणावे. तासभर एवढेच केले तरी तो तास सार्थकी लागला. ज्या चिंतेने मन ओढून नेले तीच प्रभुचरणी ठेवावी, म्हणजे अडथळ्याचीच प्रार्थना होते.

दुसरी अडचण शुष्कतेची. आविलाच्या संत तेरेजा (१५१५–१५८२) यांनीच लिहून ठेवले आहे की, प्रार्थनेचा तास केव्हा संपेल याची त्या कित्येक वर्षे वाट पाहत. कोलकात्याच्या मदर तेरेजांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी दीर्घकाळ सोसलेला आंतरिक अंधार जगाला कळला. तरीही त्यांनी नेम मोडला नाही. गोडवा वाटला नाही म्हणून देव दूर गेला, असे होत नाही.

हैदराबादेतील मराठी कुटुंबांची अडचण आणखी निराळी. मिस्सा बहुधा तेलुगू वा इंग्रजीत. शब्द ओठांवर येतात, काळजाला भिडत नाहीत. सार्वजनिक उपासनेत सर्वांसमवेत सामील व्हावेच. घरी मात्र आईने शिकविलेल्या भाषेत प्रभूशी बोलावे. वेळ ठरलेली असावी, दहाच मिनिटे का होईना, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा.

गेथशेमाने बागेत शिष्य झोपी गेले, आणि व्याकुळ झालेल्या प्रभूने तीच प्रार्थना तीन वेळा केली. नवे शब्द सुचले नाहीत तर जुनेच पुन्हा म्हणावेत. पण उठून जाऊ नये.