दूरस्थ प्रारंभक (मोटारगाडी)

दूरस्थ प्रारंभक किंवा रिमोट स्टार्टर हे मोटारगाडीत न बसता, दुरून रिमोटचे बटण दाबून तिचे इंजिन सुरू करणारे विद्युत उपकरण आहे. नव्या गाड्यांच्या काही प्रकारांत ते कारखान्यातूनच बसवून येते. जुन्या गाडीत मात्र बाजारात मिळणारा स्वतंत्र संच बसवावा लागतो आणि काही हौशी गाडीमालक हे काम स्वतः करतात. या संचाच्या मुख्य तारा मोजक्याच असतात. चालकाच्या आसनावर कोणी नसताना गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री कशी करायची, हा या उपकरणाच्या सुरक्षिततेतील मध्यवर्ती प्रश्न आहे. भारतातील जुन्या गाड्या बहुतांशी हाताने गिअर बदलण्याच्या असल्यामुळे येथे तो अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात इंजिन सुरू करण्यासाठी पुढच्या बाजूला दांडा घालून तो हाताने फिरवावा लागे. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेली विजेवर चालणारी प्रारंभक मोटर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये बसवण्यात आली. बोलीभाषेत हिलाच ‘सेल्फ’ म्हणतात. दूरस्थ प्रारंभक हा याच सेल्फला रेडिओ संदेशाने आज्ञा देणारा पुढचा टप्पा आहे. थंड हवामानाच्या देशांत इंजिन व गाडीचा अंतर्भाग आधीच गरम करून ठेवण्यासाठी त्याचा प्रसार झाला. जनरल मोटर्सने २००४ च्या शेवरोले मालिबू या गाडीत ही सोय कारखान्यातूनच उपलब्ध करून दिली. भारतात २०१९ मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हेन्यूच्या स्वयंचलित गिअरच्या काही प्रकारांत मोबाइलवरून इंजिन सुरू करता येऊ लागले.

कार्यपद्धती

चावी फिरवल्यावर इग्निशन स्विचमध्ये जे घडते, त्याचीच नक्कल दूरस्थ प्रारंभक करतो. या स्विचला साधारणपणे चार प्रकारच्या तारा जोडलेल्या असतात. पहिल्या तारेत बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कायम असतो. अ‍ॅक्सेसरीच्या तारेवर पंखा व रेडिओ यांसारखी साधने चालतात आणि सेल्फ फिरत असताना तिचा पुरवठा सहसा तात्पुरता थांबतो. इग्निशनच्या तारेत चावी ‘ऑन’ असताना आणि सेल्फ फिरत असतानाही प्रवाह असतो. चौथ्या, म्हणजे सेल्फच्या तारेत, केवळ सेल्फ मारण्याच्या क्षणी प्रवाह येतो.

रिमोटचा संदेश मिळताच संचातील रिले आधी इग्निशनची तार जोडतात, काही क्षणांनी सेल्फची तार जोडतात आणि इंजिन सुरू होताच ती सोडतात. इंजिन सुरू झाले हे ओळखण्यासाठी इग्निशन कॉइलकडून येणारे स्पंद मोजले जातात किंवा बॅटरीवरील व्होल्टेजची वाढ पाहिली जाते. अल्टरनेटर चालू झाल्यावर हे व्होल्टेज साडेबारावरून चौदाच्या आसपास जाते. ही खूण चुकीची वाचली गेल्यास सेल्फ वेळेआधी सुटतो किंवा इंजिन सुरू झाल्यावरही फिरत राहून त्याचे दाते झिजतात.

जुन्या गाड्यांची अनुकूलता

प्रत्येक जुनी गाडी या उपकरणास योग्य नसते. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर किंवा सुरुवातीच्या काळातील मारुती ८०० यांसारख्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत, विशेषतः हाताने ओढायचा चोक असल्यास, थंड इंजिन सुरू करताना चोक ओढणे व पाय देणे ही कामे चालक अंदाजाने करतो. हा अंदाज संचाला नसतो. इंधन अंतःक्षेपणाच्या, म्हणजे एमपीएफआय पेट्रोल गाड्यांत मिश्रणाचे प्रमाण नियंत्रक संगणक ठरवत असल्याने हे काम सोपे होते. जुन्या डिझेल गाड्यांत हीटर प्लग तापेपर्यंत थांबणे आवश्यक असते, म्हणून संचात तेवढा विलंब ठेवण्याची सोय असावी लागते.

चावीत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या गाड्या चिप ओळखल्याशिवाय सुरू होत नाहीत. अशा वेळी काही जण दुसऱ्या चावीची चिप गाडीतच लपवून ठेवतात. त्यामुळे दूरस्थ प्रारंभक चालतो, परंतु चोरीविरुद्धचे मूळ संरक्षण कमकुवत होते.

बसवण्याची प्रक्रिया

काम सुरू करण्यापूर्वी गाडीची विद्युत आकृती मिळवणे इष्ट असते. जुन्या गाड्यांत तारांचे रंग आकृतीशी जुळतीलच असे नाही. मधल्या काळात एखाद्या वायरमनने स्टिरिओ, हॉर्न किंवा सेंट्रल लॉक बसवताना तारा बदललेल्या असतात. म्हणून प्रत्येक तार चावीच्या प्रत्येक स्थितीत मल्टिमीटरने तपासून घेतली जाते. तपासणीनंतर बॅटरीची ऋण तार सोडवूनच जोडणी केली जाते. ज्या गाड्यांत एअरबॅग असते, तेथे स्टिअरिंगखालील तिच्या तारांना हात लावला जात नाही.

इग्निशन स्विचच्या तारांतून बराच प्रवाह जात असल्याने नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडण्या तापतात व सैल पडतात. डाखकाम करून किंवा योग्य मापाचे टर्मिनल दाबून जोडणी केली जाते आणि प्रत्येक पुरवठा तारेवर बॅटरीच्या बाजूला फ्यूज ठेवला जातो. अर्थची तार रंग खरवडलेल्या धातूवर घट्ट बसवली जाते.

यानंतर सुरक्षेच्या जोडण्या केल्या जातात. बोनेट उघडे असताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून बोनेटखाली स्विच बसवतात. अन्यथा पंख्यात किंवा पट्ट्यात हात सापडू शकतो. ब्रेकच्या दिव्याची तार जोडल्याने चावी न लावता कोणी ब्रेक दाबताच इंजिन बंद होते. हँडब्रेक आणि दारांचे स्विचही संचाला जोडले जातात. या जोडण्यांवाचूनही इंजिन सुरू होते, त्यामुळे घाईत त्याच गाळल्या जाण्याची शक्यता असते.

गिअरचा प्रश्न

स्वयंचलित गिअरच्या गाडीत दांडा ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये नसेल, तर सेल्फला प्रवाहच मिळत नाही. हाताने गिअर बदलण्याच्या जुन्या गाड्यांत असे संरक्षण सहसा नसते. त्यातच उतारावर गाडी गिअरमध्ये लावून ठेवण्याची रीत सर्वत्र आहे. हँडब्रेकची केबल सैल झालेल्या गाड्यांचे मालक तर गिअरवर आणि चाकाखाली लावलेल्या दगडावरच विसंबतात. पहिल्या गिअरमध्ये असलेल्या गाडीचा सेल्फ फिरला, की ती हिसका देऊन पुढे सरकते. इंजिन सुरू झाल्यास ती चालकाविना पुढे जाऊ शकते. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न फिरणाऱ्या गाड्यांत संच चालावा म्हणून क्लचचा स्विच वगळावा लागतो, म्हणजे असलेले संरक्षणही जाते.

यावर उपाय म्हणून हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांसाठीच्या संचांत ‘राखीव स्थिती’ असते. चालक इंजिन चालू असतानाच गाडी न्यूट्रलमध्ये आणतो, हँडब्रेक ओढतो, ठरलेली आज्ञा देऊन चावी काढतो, उतरतो आणि दारे बंद करतो. त्यानंतर संच इंजिन बंद करतो. क्लच सोडलेला असताना इंजिन चालत राहिले, यावरूनच गाडी न्यूट्रलमध्ये असल्याचे सिद्ध होते. पुढे एखादे दार उघडले तर कोणीतरी गिअर बदलला असण्याची शक्यता गृहीत धरून ही स्थिती रद्द होते आणि रिमोटने इंजिन सुरू होत नाही.

ही व्यवस्था दारांच्या स्विचवर अवलंबून असते. जुन्या गाड्यांत हे स्विच गंजलेले किंवा अडकलेले असतात, त्यामुळे ते आधी बदलून चारही दारांवर तपासणे आवश्यक ठरते. दारे नसलेल्या किंवा उघड्या टपाच्या जीपसाठी ही पद्धत निरुपयोगी आहे, कारण दार न उघडता आत हात घालून गिअर टाकता येतो. केवळ इंजिन सुरू करण्याची सोय असलेला, राखीव स्थिती नसलेला संच अशा कोणत्याही गाडीत बसवणे धोकादायक आहे.

इतर धोके

बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरातील वाहनतळात चालू राहिलेल्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग वा वास नसल्याने तो लक्षात येत नाही आणि प्राणघातक ठरू शकतो. म्हणून ठरावीक मिनिटांनी इंजिन आपोआप बंद होण्याची सोय संचात असते. रिमोटचे बटण चुकून दाबले जाणे किंवा रिमोट मुलांच्या हाती लागणे यांतूनही असा प्रसंग उद्भवू शकतो.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे ठेवताना चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असावी लागते; अन्यथा इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा वाहन अपघाताने हलणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असावी. त्यामुळे रस्त्याकडेला उभी असलेली गाडी घरातून सुरू करणे या तरतुदीशी विसंगत ठरू शकते. वाहनातील बदलांविषयी कलम ५२ आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरण करताना तिची तपासणी होते.

महाराष्ट्रातील उपयोग

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत इंजिन गरम करण्यासाठी दूरस्थ प्रारंभकाची गरज पडत नाही. येथे त्याचे आकर्षण वातानुकूलनासाठी आहे. छत्रपती संभाजीनगर येथे उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत ते त्याहून बरेच वाढते. वातानुकूलन यंत्राचा स्विच चालू ठेवून इंजिन दुरून सुरू केल्यास गाडी आधीच थंड होऊ शकते. मात्र शहराच्या उत्तरेकडील हर्सूलसारख्या भागांत, जेथे जुने गावठाण आणि नव्या वसाहती लागून आहेत, घरासमोरचा रस्ता हाच वाहनतळ आणि मुलांचे अंगणही असतो. अशा जागी चालकाविना हिसका देणारी गाडी कोणासमोर उभी आहे, हे रिमोट दाबणाऱ्याला दिसत नाही. दारे व काचा काही मिनिटे उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ देणे, गाडी सावलीत लावणे किंवा काचेवर पडदा लावणे या उपायांनी उष्णतेचा त्रास बराच कमी होतो आणि त्यांसाठी गाडीच्या तारांत बदल करावा लागत नाही.