कंपनी तुमची, हिशेब मागा

शेतकरी बंधूंनो, उत्पादक कंपनीचे शेअर तुम्ही घेतलेत, माल घातलात. पण संचालक एकाच भावकीतले, हिशेब कुणाला दिसत नाही, अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी कानावर येते. गप्प बसू नका. 2013 च्या कंपनी कायद्यात उपाय आहेत.

1. सगळे सभासद शेतकरी असलेल्या कंपनीत मत माणशी एकच. शेअर 10 असोत की 1000.

2. वार्षिक सभेची नोटीस किमान 14 दिवस आधी हवी. सोबत तपासलेला ताळेबंद व नफा-तोटा पत्रक हवे. नसेल तर लेखी मागा.

3. एक तृतीयांश सभासदांनी विषय लिहून सह्या दिल्या, की संचालकांना विशेष सभा घ्यावीच लागते. 300 सभासद असतील तर 100 सह्या पुरे. योग्य कारणाशिवाय सभा टाळली, तर संचालकपद जाऊ शकते.

4. तरी वाद मिटला नाही, तर समेट किंवा लवादाची वाट आहे.

अर्जाची पोच घ्या, नक्कल घरी ठेवा. पारावरच्या कुरकुरीला कोणी भीत नाही. शंभर सह्यांच्या कागदाला उत्तर द्यावेच लागते.