फ्रिजमधील अर्धी सिरिंज

गेल्या महिन्यात पासष्टीच्या एक बाई मुलीसह दवाखान्यात आल्या. उजव्या गालावर वाटाण्याएवढी, लालसर, दुखरी गाठ होती. धाकट्या मुलाच्या लग्नाआधी, खोल गेलेले गाल भरून यावेत म्हणून त्यांनी फिलरचे इंजेक्शन घेतले होते. एक मिलिलिटरच्या सिरिंजमधील निम्मे जेल उरले. तिला टोपण लावून, नावाची चिठ्ठी चिकटवून ती फ्रिजमध्ये ठेवली गेली आणि पाच महिन्यांनी तेच जेल पुन्हा टोचले गेले. "पैसे मोजले होते, डॉक्टर. टाकायचे कसे?" त्यांनी विचारले. काटकसरीने संसार केलेल्या पिढीचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

बहुतेक फिलर हायलुरॉनिक आम्लाच्या जेलचे असतात. सिरिंज निर्जंतुक असते, ती वापरली जाईपर्यंतच. सुई त्वचेत शिरली की रक्ताचा सूक्ष्म अंश आणि त्वचेवरील जंतू सुईवाटे मागे जेलमध्ये येऊ शकतात. नंतर सुई बदलली, तरी आतले जेल तेच राहते. फ्रिजच्या थंडीने जंतूंची वाढ मंदावते. ते मरत नाहीत. शरीरात गेलेले जेल अनेक महिने टिकते. त्यावर जंतूंचा चिवट थर बसला, तर प्रतिजैविकांचा प्रभाव तोकडा पडतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही, गाठ उठते. मधुमेह असल्यास संसर्गाचा धोका वाढतो. दोघी बहिणींनी एक सिरिंज वाटून घेणे तर त्याहून घातक. त्यातून कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो.

म्हणून नियम साधा आहे : एक सिरिंज, एकच रुग्ण, एकच बैठक. पाकीट आपल्यासमोर उघडावयास सांगावे, मुदत पाहावी, उत्पादनाचे नाव व बॅच क्रमांक टिपून ठेवावा. उरलेले जेल आपल्यासमोरच टाकून देण्याचा आग्रह धरावा. सिरिंज घरी आणू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधी सांगावे, परंतु त्या स्वतःहून बंद करू नयेत.

फिलर ताजे असले, तरी टोचल्यावर तीव्र वेदना होणे, त्वचा पांढरी वा निळसर पडणे, दृष्टी अंधुक होणे ही तातडीची लक्षणे होत. जेलमुळे रक्तवाहिनी बंद झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी एक तासही दवडू नये. नंतर सूज, उष्णता, पू किंवा ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गाठ चोळू नये, आणि जेल उरलेले होते हे लपवू नये.

त्या बाईंना मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठविले. प्रतिजैविके द्यावी लागली, मग जेल विरघळविणारे इंजेक्शन. गाठ आता ओसरत आहे; उपचारांचा खर्च मात्र वाचविलेल्या अर्ध्या सिरिंजपेक्षा केव्हाच पुढे गेला. काटकसर हा गुणच आहे. पण जे सुईवाटे शरीरात जाते, तेथे ती नको.