गळ्यातली ग्रंथी आणि यकृताचे खाते

सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' ही ओळ आता इतकी सर्रास आढळते की तिचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. पुरुषाच्या अहवालात ती आली तर लोक पेल्याकडे बोट दाखवतात. बाईच्या अहवालात आली तर तिच्या ताटाकडे. माझ्या धाकट्या भावजयीचे असेच झाले. वजन वाढलेले, आवाज घोगरा, वैशाखातही अंगावर शाल, दुपारी बसल्या जागी डुलकी. डॉक्टरांनी तूप बंद करून चालायला सांगितले आणि घरच्यांनी तिला आळशी ठरवून टाकले. वर्षभराने केस गळतात म्हणून ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रक्तातले टीएसएच तपासायला लावले. ते साठच्या वर निघाले. एरवी चार-साडेचारच्या आत असते.

या टीएसएचचा उलटा हिशेब पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आकडा मोठा म्हणजे थायरॉईड जोरात, असे वाटते. आम्हा बँकवाल्यांना ते चटकन समजावे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीने थायरॉईडला धाडलेले ते स्मरणपत्र असते. वसुली जितकी कमी, तितकी पत्रे जास्त.

थायरॉईड देते ते संप्रेरक बहुतांशी टी-फोर, म्हणजे आयोडीनचे चार अणू असलेले. हा झाला डिमांड ड्राफ्ट. हाती असला तरी भाजीवाला तो घेत नाही. त्यातला एक अणू काढून टी-थ्री केले की रोकड होते, आणि ड्राफ्ट वटवण्याचे एक मोठे काउंटर यकृतातच आहे. टी-थ्रीच्या हुकमाने यकृत चरबी जाळते, रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. हुकूम मंदावला की चरबीची आवक चालूच राहते आणि उठाव थंडावतो. गोदाम भरते. रक्तातले कोलेस्टेरॉलही चढते. म्हणूनच जाणते डॉक्टर त्यावरची गोळी लिहिण्यापूर्वी थायरॉईड तपासून घेतात.

हे नाते किती सख्खे आहे, ते मार्च २०२४मध्ये एका औषधाने दाखवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा रेस्मेटिरॉम या गोळीला मान्यता दिली. यकृतात चरबीबरोबर सूज आणि बऱ्यापैकी व्रण आहेत, पण सिरोसिस झालेला नाही, अशा रुग्णांसाठी तिथे मान्य झालेले हे पहिले औषध. ते यकृतातल्या थायरॉईडच्याच कुलपाला किल्ली लावते.

तरी फॅटी लिव्हर दिसले की थायरॉईडची गोळी मागावी, असा अर्थ कोणी काढू नये. ग्रंथी धड असताना ती गोळी घेतली तर छातीत धडधड आणि हाडांची झीज पदरी पडण्याचा धोका. बहुतेकांच्या यकृतातली चरबी वाढलेले पोट, मधुमेह आणि बैठे काम यांतून येते (बँकेच्या खुर्चीचा त्यात मोठा वाटा असावा!). टीएसएच किंचितच वाढलेले असेल, तर यकृताच्या चरबीशी त्याचा संबंध कितपत, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. पोटाचे डॉक्टर पोट पाहतात, हृदयाचे डॉक्टर कोलेस्टेरॉल, आणि माणूस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या फायलीसारखा फिरत राहतो. त्यातून थायरॉईडची ही कमतरता पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी अधिक, आणि बाईच्या थकव्यावर आपल्या घरांत विश्वास कोण ठेवतो? काही शे रुपयांत होणारी रक्ततपासणी राहून जाते आणि 'खाते फार' हा शेरा मात्र कायमचा चिकटतो.

आणि ज्यांचे निदान झाले आहे, त्यांनी गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहाला अर्धा-पाऊण तास थांबावे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनंतर. सुरुवातीला सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. आणि चालणे, त्यातून कोणाचीच सुटका नाही.