तळं बांधलं कुणी?

गावाचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पाटलांचा वाडा, पडका बुरूज, देवळावरचा शिलालेख. माणदेशातल्या आमच्या गावात बचत गटाच्या आम्ही दहा-बाराजणी आणि दोन निवृत्त गुरुजी मिळून गावाचा इतिहास गोळा करतो. शुद्ध एकादशीला दुपारी देवळात बसायचं, ऐकायचं आणि वहीत उतरवायचं, एवढंच आमचं मंडळ!

सुरुवात दगडांपासूनच झाली. देवळामागच्या शेंदूर फासलेल्या दगडाला आम्ही वर्षानुवर्षं नारळ फोडत होतो. तो वीरगळ आहे, हे गुरुजींनी दाखवलं. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. शेजारीच सतीचा दगड. कोपरात वाकलेला हात आणि त्यात बांगड्या. आमच्यातली एक पटकन म्हणाली, "त्याची निदान लढाई तरी कोरलीय. हिचा नुसता हात?"

हा प्रश्न आम्हाला थेट गावच्या पाझर तलावावर घेऊन गेला. 1972च्या दुष्काळातलं हे काम. तिथल्या फरशीवर उद्घाटन करणाऱ्यांचं नाव आहे. पण डोक्यावर पाट्या घेऊन भराव घातला, खडी फोडली, त्या बायांचं एकही नाव नाही. त्या वेळी विशीत असलेल्या बाया आज पंचाहत्तरीला टेकल्यात. आता नाही विचारलं, तर कधी विचारणार?

आम्ही घरोघर गेलो. पहिलं उत्तर ठरलेलं, "काय गं पोरी, आमचा कसला आलाय इतिहास?" मग चहा होतो, आणि कामावर मिळणारी सुकडी, लाल मिलोच्या भाकरी, झाडाला बांधलेल्या झोळीतलं तान्हं पोर, असं एकेक बाहेर पडतं. साल विचारलं की उत्तर येतं, "थोरला पोटात होता तवा." थोरल्याचं वय बघायला शाळेचं रजिस्टर काढावं, तर तिथं निम्म्या गावाची जन्मतारीख 1 जून! मग दोन आज्यांची सांगणी ताडून बघायची. नाव लिहितानाही सासरचं आणि माहेरचं, दोन्ही लिहायची. माहेरचं नाव सांगताना एक आज्जी क्षणभर थांबलीच. कितीतरी वर्षांत तिला त्या नावानं कुणी हाकच मारली नव्हती.

ही नावं तळ्यावर लावावीत, असा अर्ज आम्ही ग्रामसभेत दिला, आणि कुरबुर सुरू झाली. आता बंगले बांधलेली काही घरं म्हणाली, "आमच्या आईनं माती वाहिली, हे पाटीवर कशाला?" तेव्हा मागच्या रांगेतून एक आज्जी काठी टेकत उठली. "वाहिली म्हणून तर तुमी जगलात. लाज कसली रं?" सभा गप्प झाली. ठराव अजून व्हायचाय. पण वहीतली दोन नावं आता फक्त वहीतच उरलीत.

हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या बायांकडे जाऊन कुणी ऐकलं, म्हणून टिकल्या. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे कागदोपत्री आईचं नाव लावणं आपल्या राज्यात सक्तीचं झालंय. चांगलंच झालं. उद्याच्या आया कागदावर आल्या. पण कालच्या आयांचं काय?

मैत्रिणींनो, यासाठी पदवी लागत नाही. एक वही, एक मोकळी दुपार आणि ऐकायची तयारी पुरे. सुरुवात आपल्याच घरातून करा. सासूबाईंना नाहीतर चुलत आजीला विचारा, "तुमचं माहेरचं नाव काय हो? आणि बाहत्तरच्या दुष्काळात तुम्ही कुठं होता?" पुढचं त्याच सांगतील.